तीळ ठेवला कोणी

फोटोताई संशयी आहे, असं तिच्या घरचे म्हणायचे. ती म्हणायची, हा स्वभाव नाही, धंदा आहे. अठ्ठावीस वर्षं लोकांचे चेहरे भिंगातून बघितले की माणसाला सरळ बघताच येत नाही. स्टूलवर बसलेला माणूस म्हणतो, सहज फोटो काढायला आलो. पण त्याच्या कोटाच्या बाह्या मनगटाखाली उतरलेल्या असतात. म्हणजे कोट उसना, म्हणजे कुठेतरी मुलाखत आहे आणि घरी सांगितलेलं नाही. नवरा-बायको जोडीनं बसतात, दात दाखवून हसतात, पण दोघांच्या खांद्यांमध्ये वीतभर अंतर राहतं. म्हणजे निघताना वाजलेलं आहे. फोटोताई यातलं काही बोलत नसे. "हनुवटी जरा खाली. हं, तसंच," एवढंच म्हणायची आणि बटण दाबायची.

तिचं दुकान एका अरुंद रस्त्यावर, शिंपी आणि चष्मेवाला यांच्या मध्ये चेपून बसलेलं होतं. पुढे काउंटर, गिऱ्हाइकांना थांबायला एक बाक, आणि खिडकीपाशी एक वेताची खुर्ची. पडद्यामागे स्टुडिओ: राखाडी कापड, दोन दिवे, त्यांचा उजेड पसरवायला दोन पांढऱ्या छत्र्या, आणि गोल फिरवून उंची कमी-जास्त करता येणारं स्टूल. त्याच्यामागे छपाईची खोली, आणि तिथून लाकडी जिना थेट वर घरात जायचा. जिना इतका कुरकुरायचा की कोण चढतंय ते फोटोताई खालून, मान वर न करता सांगायची.

वेताच्या खुर्चीत दुपारी तीनपासून अप्पा बसायचे. अप्पा म्हणजे तिचे वडील, वय ब्याऐंशी. दुकान मूळचं त्यांचंच. पण अप्पांचं नाव झालं ते फोटो काढण्यासाठी नाही, फोटोतले चेहरे साफ करण्यासाठी. फिल्मच्या काळात ते निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल आणि दाढीच्या ब्लेडचा तुकडा असा काही चालवायचे की देवीचे व्रण, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं नाहीसं व्हायचं. लोक त्यांना 'चेहरे धुणारे अप्पा' म्हणायचे. फोटोताई लहानपणी त्यांच्या टेबलाखाली बसून वाया गेलेल्या निगेटिव्हशी खेळायची. काळ्या दातांची आणि पांढऱ्या बुबुळांची माणसं उजेडात धरून त्यांना नावं द्यायची. तिच्या हातात पहिला कॅमेरा दिला तो अप्पांनीच. उजेड कुठून घ्यायचा, डोळ्यांत कधी बघायचं आणि कधी बघायचं नाही, सगळं त्यांनी शिकवलं. काउंटर सांभाळायची ती आई. आईला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती.

ब्लेड गेलं, संगणक आला, पण दुकानाची रीत तीच राहिली. सरकारी कागदांवरचे फोटो जसेच्या तसे. बाकी खास फोटो काढून घ्यायला आलेल्याचा चेहरा मात्र साफ करूनच द्यायचा. गिऱ्हाइकानं सांगितलं तरी आणि नाही सांगितलं तरी.

एका सोमवारी बँकेतल्या कारकूनबाई आल्या. पंधरा दिवसांपूर्वी, निवृत्त होताना म्हणून, त्यांनी मोठा फोटो काढून घेतला होता.

"आणखी चार प्रती हव्यात," त्या म्हणाल्या. "बहिणींना द्यायच्या आहेत. आणि तुमचे आभार मानायचे होते."

"माझे? कशाबद्दल?"

"तीळ ठेवलात म्हणून. आजवर ज्यानं त्यानं माझा तीळ खोडला. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. फोटो बघून धाकटी म्हणाली, ही खरी तू."

त्यांनी पिशवीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला. वरच्या ओठाच्या उजव्या अंगाला मोहरीएवढा तीळ होता. फोटोताई हसली. "हो, म्हटलं असू दे," असंही म्हणाली. आणि तिच्या मनात पाल चुकचुकली, कारण तो तीळ तिनं काढला होता.

बाई गेल्यावर तिनं संगणक उघडला. ओठ स्वच्छ. तिनंच पुसलेला, गुळगुळीत ओठ. मूळ फोटोतला तीळ परत आणून तिनं चार प्रती छापल्या, पण दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही.

त्याच आठवड्यात बेकरीवाल्यानं रस्त्यातच तिला थांबवलं. कुटुंबाचा फोटो भिंतीला लावलाय म्हणाला, छान आलाय, आणि "गालावरचा भाजल्याचा डाग तुम्ही ठेवलात ते बरं केलंत, नाहीतर भट्टीपाशी कोण उभं राहतं ते नातवंडांना कळायचं नाही" असंही म्हणाला. डाग तिनं काढला होता. तिला पक्कं आठवत होतं, कारण त्याला वीस मिनिटं लागली होती.

दोघं खूश होते तोवर तिनं मनाची समजूत काढली. तिसरा मात्र तावातावानं आला. हॉटेलच्या काउंटरवरच्या नोकरीसाठी अर्ज करणारा तरुण. त्याच्या भुवईतून एक जुनी खोक गेलेली होती आणि ती काढा असं त्यानं निघताना दोनदा सांगितलं होतं.

"हे काय आहे?" त्यानं पाकीट काउंटरवर आपटलं. "परवा अर्ज द्यायचाय. मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

फोटोत भुवई दुभंगलेली होती, बारीक पांढऱ्या रेघेनं, अगदी जशी होती तशी. फोटोताईनं माफी मागितली, नवा फोटो तिथल्या तिथे छापून दिला आणि जुना स्वतःकडे ठेवून घेतला. तो बडबडत गेला. वेताच्या खुर्चीत अप्पा डोळे मिटून बसले होते. इतका आरडाओरडा होऊन त्यांचे डोळे उघडले नाहीत, याची फोटोताईनं त्या वेळी दखल घेतली नाही. तिचं सगळं लक्ष छपाईच्या मशीनवर होतं.

मशीन दुरुस्त करणारा आला. त्यानं झाकण उघडलं, शाईच्या नळ्या तपासल्या, चार कोरे कागद काढून बघितले.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"मग हे कसं होतं?"

त्यानं बेकरीवाल्याची, कारकूनबाईंची आणि तरुणाची हकिगत शांतपणे ऐकली. "ताई, मशीन बिघडलं तर डाग पडतात. तीळ पडत नाहीत," तो म्हणाला आणि पेचकस पिशवीत टाकून निघून गेला.

मग तिनं तरुणाचा परत आलेला फोटो खिडकीपाशी नेला आणि उजेडात तिरका धरला. सगळा कागद एकसारखा मंद दिसत होता, फक्त भुवईवरची रेघ किंचित चमकत होती. तिनं बोट ओलं करून तिथे फिरवलं. बोटाला पांढुरका रंग लागला.

म्हणजे हे काम हातानं झालं होतं, ब्रशनं, रंगानं. आणि ते करणारा दुकानातल्या पाकिटांपर्यंत पोचत होता.

आता अप्पांवर संशय यायला हवा होता, असं कुणीही म्हणेल. पण ते तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. अप्पांचा हात इतका थरथरायचा की चहाचा कप अर्धाच भरावा लागे. गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी पेन्सिलसुद्धा हातात धरली नव्हती. शिवाय हा माणूस आयुष्यभर तीळ पुसत आलेला. तो तीळ परत कशाला काढेल?

तिचा संशय पहिल्यांदा मावशींवर गेला. कात्रीवाल्या मावशी आईच्या वेळेपासून दुकानात होत्या. छापलेले फोटो कापायचे, पाकिटात घालायचे, पाकिटावर गिऱ्हाइकाची ओळख लिहायची आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवायचं, हे त्यांचं काम.

"मावशी, तुम्ही कुणाच्या फोटोला हात लावलात का?"

"रोज लावते. हात न लावता कापायचं कसं ते दाखव मला."

"तसं नाही. वर काही रंगबिंग..."

मावशींची कात्री थांबली. "काय म्हणायचंय ते नीट म्हण."

फोटोताईनं नीट म्हटलं, आणि तिथेच चुकलं. मावशींनी अर्धवट कापलेला फोटो तसाच ठेवला, कात्री मिटून काउंटरवर मधोमध ठेवली, चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. आणि त्या नसतानाही एका शिक्षिकेच्या फोटोत कपाळावरच्या आठ्या जागच्या जागी परत आल्या.

म्हणजे मावशी नव्हत्या. फोटोताईला स्वतःची लाज वाटली, पण संशय काही थांबला नाही. फक्त तिथून उठून नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसला.

तिचा नवरा छापखान्यात प्रुफं तपासायचा. नाकासमोर चालणारा माणूस. घरातल्या यादीत कुणी 'साबुण' लिहिलं तर पेन काढून आधी 'साबण' करणार आणि मग बाजारात जाणार. रविवारी त्याचा शर्ट धुवायला काढताना तिला खिशाच्या आत तपकिरी डाग दिसला.

"हे काय लागलंय?"

"शाई असेल," तो वर्तमानपत्रातून म्हणाला.

"तुमच्याकडे तपकिरी शाई कधीपासून?"

"असते कधीकधी."

हा माणूस 'कधीकधी' म्हणणारा नव्हता. त्याच्याकडे सगळ्याला तारीख असायची. शिवाय वर्तमानपत्र त्यानं उलटं नव्हे, पण कालचं धरलेलं होतं. फोटोताईच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. दुकान बंद करू या, असं तो वर्षभर म्हणत होता. आता सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे, कशाला जीव आटवतेस म्हणायचा. गिऱ्हाइकं भांडून गेली तर दुकान आपसूक बंद होईल, हा तर त्याचा बेत नाही? एकोणीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याबद्दल असं कधी वाटलं नव्हतं, आणि वाटल्यावर ते काढून टाकता येईना.

बुधवारी ती छापखान्याच्या समोरच्या फुटपाथवर, एका उभ्या गाडीआड थांबली. नवरा पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडला, घराच्या उलट्या दिशेला वळला आणि चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात शिरला. बाहेर आला तेव्हा हातात बोटाएवढी कागदी पुडी होती. ती त्यानं खिशात टाकली आणि इकडेतिकडे बघितलं. प्रुफं तपासणारा माणूस चोरासारखा बघायला लागला की किती वाईट दिसतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

घरी तो आल्यावर तिनं विचारलं, "आज उशीर?"

"जरा काम होतं."

जेवताना तिनं त्याच्या हातांकडे बघितलं. जाड, आखूड बोटं. ह्या बोटांनी मोहरीएवढा तीळ? पण रंग तर ह्यानंच आणला होता, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग तिनं सापळा लावायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी कॅमेरा स्टँडवर चढवला, वेळ लावली आणि स्वतः स्टूलवर जाऊन बसली. कितीतरी वर्षांत ती त्या बाजूला बसली नव्हती. दिवे डोळ्यांवर येत होते आणि हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. रोज पन्नास माणसांना 'मोकळे बसा' सांगते आणि हे असं होतं तर, असं तिच्या मनात आलं. उजव्या कानशिलावर तिला कांजिण्यांचा एक खड्डा होता. तो तिनं संगणकावर पुसला, फोटो छापला, कापला, आणि पाकिटावर 'चष्मेवाल्याची मेहुणी' असं लिहून ड्रॉवरमध्ये इतर पाकिटांबरोबर ठेवला. चष्मेवाल्याला मेहुणी नव्हती.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एका चपलांच्या दुकानात नव्या मालाचे फोटो काढायला जायचं होतं. अप्पा खुर्चीत होते, त्यांना दुकानाकडे बघायला सांगून ती गेली. साडेपाचला परत आली तेव्हा अप्पा वर गेले होते. तिनं ड्रॉवर उघडला. पाकीट जागेवर होतं. आतला फोटो तिनं खिडकीत तिरका धरला.

कानशिलावर खड्डा परत आला होता. सावलीची बाजू गडद, उजेडाची बाजू फिकी. आत बोट घातलं तर बुडेल असा. पण तिची नजर तिथे थांबली नाही. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कडेला, आणखी एक रेघ होती. केसाएवढी बारीक, फिकट.

ही मात्र उगाच काढलीय, तिला वाटलं. अशी खूण मला नाही. तिला जवळजवळ बरं वाटलं, की बघा, शेवटी चुकलाच. तरीपण ती हातात एक आरसा घेऊन स्टुडिओतल्या मोठ्या आरशासमोर उभी राहिली, केस मागे घेतले, मान वळवली आणि दिवा जवळ ओढला.

रेघ होती. कानाच्या पाळीच्या आड, फोटोतल्यासारखीच. इतकी वर्षं ती स्वतःच्या कानाखाली बाळगून होती आणि तिला पत्ता नव्हता. नवऱ्याला तर नव्हताच; असता तर त्यानं पहिल्याच वर्षी विचारलं असतं. हे ठाऊक असणारी माणसं जगात दोनच होती, आणि त्यातलं एक अकरा वर्षांपूर्वी गेलं होतं.

फोटोताईनं चपला खाली काढल्या आणि जिना पायऱ्यांच्या कडेकडेनं चढली. कडेला तो वाजत नाही.

वरच्या खोलीत अप्पा खिडकीकडे तोंड करून, पोळपाटाएवढ्या फळीवर वाकून बसले होते. डाव्या हाताची मूठ फळीवर घट्ट रोवलेली, त्या मुठीवर उजवं मनगट टेकवलेलं, आणि बोटांत चारच केस असावेत असा ब्रश. हात थरथरत होता. मग त्यांनी श्वास धरला. थरथर क्षणभर थांबली, तेवढ्यात ब्रशचं टोक कागदाला लागलं आणि उचललं गेलं. श्वास सोडला, हात पुन्हा थरथरायला लागला. असं ती दारात उभं राहून पाच-सहा वेळा बघत राहिली.

"ये आत," मागे न बघता अप्पा म्हणाले. "जिना वाजला नाही, म्हणजे तूच."

"हे काय चाललंय, अप्पा?"

"काम."

"कुणी सांगितलं हे काम?"

"कुणी नाही. दुसऱ्यांनी सांगितलेलं चाळीस वर्षं केलं."

तिला रडूही येत होतं आणि संतापही. संताप आधी बाहेर पडला. "त्या पोराची नोकरी गेली असती. मावशी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मी नवऱ्याच्या मागे हेरासारखी फिरले. आणि तुम्ही तिथे खुर्चीत डोळे मिटून बसलात."

"भुवईवरची एवढीशी खूण बघून नोकरी नाकारणारे लोक..."

"ते त्यानं ठरवायचं. तुम्ही नाही ठरवायचं. आधी तुम्ही न विचारता पुसलंत, आता न विचारता काढताय. फरक काय झाला?"

अप्पांनी ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवला. खाली शिंप्याचं मशीन चालत होतं, थांबत होतं.

"हे मला सुचलं नव्हतं," शेवटी ते म्हणाले.

"माझ्या कानाखालची रेघ कुठली?"

"टेबलाखालून उठताना कोपरा लागला तुला. तीन वर्षांची होतीस. दोन टाके पडले. तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला सगळ्यांचं आठवतं. माणूस समोरच्या बाकावर पाच मिनिटं बसला की त्याचा चेहरा माझ्याकडे राहतो. कारकूनबाईंचा तीळ, बेकरीवाल्याचा गाल. तू पुसतेस, मला तो तिथेच दिसतो."

मग त्यांनी गादीखालून एक जाड पाकीट काढलं. आत आईचे फोटो होते. तेवीस. काउंटरमागे उभी असलेली, खुर्चीत बसलेली, लहानग्या फोटोताईला कडेवर घेतलेली. सगळ्यांत आईचा चेहरा लख्ख.

"तिच्या हनुवटीवर भाजल्याची खूण होती," अप्पा म्हणाले. "पांढुरकी, तांदळाच्या दाण्याएवढी. कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," फोटोताई पटकन म्हणाली. आणि म्हणता म्हणता अडखळली. तिला आठवत होती ती आरशासमोर वेणी घालणारी आई, आणि मागे उभी राहून आरशात बघणारी ती. मग आरशातलं डावं की खरं डावं? तिनं दोन्ही हात वर करून हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि खाली घेतले.

"बघ," अप्पा म्हणाले. "तुलाही येईना. दोन महिन्यांपूर्वी सकाळी उठलो, तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, आणि खूण कुठे ठेवायची तेच कळेना. सगळ्या जगाचं आठवतं आणि हिचं नाही. म्हटलं फोटोत बघू. तर फोटोत कुठे असणार? प्रत्येक निगेटिव्हवरून मीच खरवडलीय. ब्लेडनं. तिनं एकदाही सांगितलं नव्हतं. पहिला फोटो दाखवला तेव्हा म्हणाली, छान आलाय. आणि जरा वेळानं म्हणाली, पण ही कोण? मला वाटलं, गंमत करतेय."

फोटोताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. एकेक फोटो उजेडात धरून, तिरका करून बघू लागली. कुठे ब्लेड चुकलं असेल, कुठे थोडीशी कड राहिली असेल. कुठेच राहिली नव्हती. अप्पांचं काम चोख होतं.

संध्याकाळी नवरा आला. ती जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसलेली होती.

"तपकिरी शाई," ती म्हणाली.

तो तिथेच उभा राहिला, पिशवी हातात. "त्यांनी शपथ घातली होती. मला वाटलं, पानं-फुलं काढत असतील. वेळ जात नाही म्हणून."

"आणि रस्त्यात इकडेतिकडे कशाला बघत होतात?"

"मला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला. "त्याची भीती वाटत होती." मग त्याला कळलं. "तू कुठून बघितलंस?"

तिनं तो विषय टाळून आईच्या खुणेबद्दल विचारलं. तो उजवीकडे म्हणाला. नंतर जेवताना, बराच विचार करून, म्हणाला की आपण ती पाहिली होती का हेच आता नक्की सांगता येणार नाही. तेव्हा आपलं मत धरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोताई मावशींच्या घरी गेली. मावशींनी दार उघडलं, पण पूर्ण नाही.

"मी चुकले, मावशी."

"माहितीय मला."

"अप्पा करत होते."

दार तेव्हा सगळं उघडलं. मावशींनी पूर्ण हकिगत दोनदा ऐकली आणि आईच्या खुणेचं विचारल्यावर क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "मधोमध. खालच्या ओठाच्या बरोबर खाली. शपथेवर सांगते." मग हसल्या. "तुझी आई स्वतःचा फोटो पाकिटात घालताना काय म्हणायची ठाऊक आहे? म्हणायची, ही बाई माझ्यापेक्षा बरी दिसते, उद्यापासून हिलाच काउंटरवर बसवा." आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. दुपारी त्या कामावर आल्या, पण आठवडाभर फोटोताईला 'अगं' म्हणायच्या ऐवजी 'बाईसाहेब' म्हणत राहिल्या.

अप्पांनी आईचा एकच फोटो चार प्रतींत छापून मागितला. तीन दिवस खपून एकीवर खूण डावीकडे काढली, एकीवर उजवीकडे, एकीवर मधोमध. चौथी तशीच ठेवली. चारही फळीवर ओळीनं मांडून ते दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाकिटात घातले.

"कुठली?" फोटोताईनं विचारलं.

"एकही नाही," ते म्हणाले, आणि पाकीट गादीखाली गेलं.

दुकानात मात्र एक गोष्ट बदलली. फोटो काढून झाला की फोटोताई आता विचारायची, "काय काढायचं आणि काय राहू द्यायचं?" बहुतेक लोक म्हणायचे, सगळं काढा, हे काय विचारणं झालं. काही जण आरशाकडे जायचे, थोडा वेळ बघायचे आणि एखादी गोष्ट सांगायचे. ज्यांना ठेवायचं असेल त्यांच्या पाकिटावर मावशी बारीक फुली मारायच्या. अप्पांना पाकिटांना हात लावायची बंदी होती. तरीही फोटोताई प्रत्येक फोटो देण्याआधी उजेडात तिरका धरून बघायचीच, आणि दोनदा तिला चमक सापडली. विचारल्यावर अप्पा म्हणाले, हात चालतो की नाही ते बघत होतो.

त्याच सुमारास तिनं वर, घरातले फोटो काढायला सुरुवात केली. कुणी मागितले नव्हते. दिवे नाहीत, राखाडी कापड नाही, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. प्रुफावर वाकलेला नवरा, ओठ आवळून, जणू कागदच त्याला फसवणार आहे. कात्री उघडी धरून गिऱ्हाइकाकडे बघणाऱ्या मावशी. छापण्याआधी ती त्यांना संगणकावर हात लावायची नाही. नवरा स्वतःचा फोटो बघून म्हणाला, "मी इतका संशयी दिसतो?" ती म्हणाली, "सहवासाचा परिणाम."

अप्पांचा फोटो तिनं सगळ्यात शेवटी काढला, ते त्या फळीवर काम करत असताना. मनगट मुठीवर, ब्रश कागदावर टेकण्याच्या बेतात. खोलीत उजेड कमी होता, त्यामुळे बटण दाबल्यावर कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागला. अप्पांनी श्वास धरला तेव्हा तिनंही धरला.

दुसऱ्या दिवशी तिनं छापलेला फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, कागद खिडकीकडे नेला, तिरका केला, सरळ केला.

"हात हललेला दिसतोय," ते म्हणाले.

"हललाच होता."

अप्पांनी आणखी एकदा बघितलं. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि फोटो तिच्या हातात परत दिला.